आईचं चैत्रांगण उजेडात काढून घेणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

चैत्र शुद्ध तृतीयेच्या रात्री तुम्ही साताऱ्यात आमच्या गच्चीवर ट्रायपॉड लावलात. फोनवर नुसतं 'थँक्यू' म्हणून माझं समाधान झालं नाही, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते आहे.

आई लग्न होऊन आल्यापासून दर चैत्रात चैत्रांगण काढायची. गौर झोपाळ्यावर बसली की दारात गोपद्म, शंख, चक्र, लक्ष्मीची पावलं, तुळशीवृंदावन, सूर्य-चंद्र, कासव, नाग, अंबारीचा हत्ती. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली आणि खाली बसणं संपलं. टेबलावर पाट ठेवून तिने करून पाहिलं. चार रेघा ओढल्या आणि रांगोळीचा डबा मिटून ठेवला. मी तुमच्याकडे आले होते ती तिच्या रांगोळ्यांचे जुने फोटो नीट करून घ्यायला. तुम्ही ते पाहिलेत आणि विचारलंत, "काकूंचा हात डोक्याच्या वर जातो ना?"

त्या प्रश्नासाठी मी तुमची जन्मभर ऋणी राहीन. आम्ही दोन वर्षं फक्त तिच्या गुडघ्यांकडे बघत होतो.

कोपऱ्यावरच्या दिव्याचा उजेड येऊ नये म्हणून तुम्ही कठड्यावर घोंगडी टाकलीत. तृतीयेची कोर मावळेपर्यंत थांबायला लावलंत. गडद कपडे हवेत म्हटल्यावर आईने काळी चंद्रकळा काढली. मग छोटी टॉर्च तिच्या हातात देऊन सांगितलंत, बटण दाबलं की रेघ सुरू, सोडलं की थांबली. "म्हणजे चिमूटच की," आई म्हणाली. त्यानंतर तिला काही समजवावं लागलं नाही. कॅमेऱ्याचं शटर अडीच मिनिटं उघडं होतं, त्यामुळे टॉर्च जिथून फिरेल तिथे फोटोत उजेडाची रेघ उमटत होती, आणि ती अंधारात, स्वतःला काहीच दिसत नसताना, आठवणीने काढत होती. कुंकवाच्या ठिपक्यांसाठी दुसरी टॉर्च, तिच्या तोंडाला लाल जिलेटिन.

अडलं ते स्वस्तिकापाशी. आई कॅमेऱ्याकडे तोंड करून उभी, त्यामुळे तिने सरळ काढलेलं फोटोत उलटं येत होतं. कॉम्प्युटरवर फोटो फिरवला असता, तर तिचा पदर उजव्या खांद्यावर गेला असता. वेगवेगळे फोटो जोडूनही तुम्हाला वेळ मारून नेता आली असती. तुम्ही म्हणालात, "काकू, तुम्हीच उलटं काढा, मी थांबतो." तीनदा चुकलं, चौथ्यांदा जमलं. तुमच्या कामाबद्दल मला सर्वांत जास्त आदर वाटतो तो इथे. अडीच मिनिटं तुम्हीही त्याच चौकटीत काळे कपडे घालून फिरत होतात, वृंदावनाच्या वेळी तिला हळूच बाजूला सरकवत होतात, शेवटी तिच्या चेहऱ्यावर क्षणभर उजेड टाकलात, आणि फोटोत तुम्ही कुठेच नाही.

चहा पिताना तुम्ही सांगितलंत, की 1889 साली फ्रान्समध्ये जॉर्ज देमेनी यांनी माणसाच्या अंगाला छोटे दिवे बांधून त्याची चाल फोटोत उतरवली होती. 1914च्या सुमाराला अमेरिकेत गिलब्रेथ दांपत्याने कामगारांच्या हातांना दिवे लावून त्यांच्या हालचाली टिपल्या. आणि 1949मध्ये फ्रान्समधल्या व्हालोरिसला छायाचित्रकार ग्योन मिली यांच्या कॅमेऱ्यासमोर चित्रकार पिकासोने हवेत उजेडाने चित्रं काढली. आईने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, "तो उभ्यानेच काढत होता का?" तुम्ही हो म्हणालात. ती किती खूश झाली, ते तुम्ही पाहिलंच आहे.

दादा, जुन्या फोटोंत पांढरी पूड दिसते. तुमच्या फोटोत तिचा हात दिसतो. जिथे ती रेंगाळली तिथे रेघ जाड आणि झळझळीत, जिथे सरावाने सर्रकन गेली तिथे केसासारखी बारीक. हत्तीच्या सोंडेशी एक गाठ आहे, तिथे ती थबकली होती. लहानपणी तिच्याशेजारी बसून मी नेमकं हेच बघायचे, आणि संध्याकाळी केरसुणीबरोबर ते निघून जायचं.

फोटो ओसरीवर लावला आहे. बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला आधी तिथे नेतात. पुढच्या चैत्रासाठी आईचा निरोप आहे: वृंदावनाला हिरवं जिलेटिन आणा, आणि शटर पाच मिनिटं उघडं ठेवा. या वेळी कासव राहिलं.

तुमची,
काकूंची लेक