ओमानला न जाता आलेल्या ओमानच्या रोमिंग बिलाबाबत तक्रार

गुहागर, जि. रत्नागिरी
दिनांक : १७ मार्च २०२५

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
पोस्टपेड ग्राहक सेवा विभाग

विषय : टॅबलेटच्या डेटा सिमवर फेब्रुवारी २०२५ च्या बिलात लावलेली ६९,६२० रुपयांची आंतरराष्ट्रीय रोमिंग आकारणी रद्द करण्याबाबत

महोदय/महोदया,

मी गुहागर येथे समुद्रालगत चार खोल्यांचा होमस्टे चालवतो. पर्यटकांच्या चौकश्या, आगाऊ रकमा आणि खोल्यांच्या नोंदी मी टॅबलेटवर ठेवतो, कारण मोबाइलच्या पडद्यावरची बारीक अक्षरे मला आता चष्मा लावूनही नीट लागत नाहीत. या टॅबलेटसाठी मी तीन वर्षांपूर्वी आपल्या चिपळूण येथील दालनातून माझ्याच पोस्टपेड खात्यावर एक जादा डेटा सिम घेतले असून, तेव्हापासून बँकेच्या गोंधळामुळे एकदा झालेला उशीर सोडता एकही बिल थकवलेले नाही.

माझा मुलगा नोकरीनिमित्त शारजा येथे राहतो. त्याच्याकडे आम्ही पतिपत्नी ४ ते १३ फेब्रुवारी या काळात गेलो होतो. २६ फेब्रुवारीला महाशिवरात्र असल्याने व्याडेश्वर आणि वेळणेश्वर येथे दर्शनाला येणाऱ्यांची खोल्यांसाठी विचारणा याच दिवसांत सुरू असते, त्यामुळे टॅबलेट घरी ठेवून जाणे मला शक्य नव्हते. म्हणून निघण्यापूर्वी, १ फेब्रुवारीला, मी आपल्या अ‍ॅपमधून संयुक्त अरब अमिरातीसाठी १० दिवसांचे ५ जीबी डेटाचे पॅक २,९९९ रुपये भरून घेतले. मुंबईहून विमान उतरल्यावर आपल्या सूचनेप्रमाणे टॅबलेटमधील डेटा रोमिंग सुरू केले आणि नेटवर्कची निवड ‘स्वयंचलित’ ठेवली. हा शेवटचा तपशील मी मुद्दाम लिहीत आहे, कारण पुढचे सगळे त्यातूनच घडले.

रविवारची सुट्टी धरून मुलाने ८ व ९ फेब्रुवारीला आम्हाला पूर्व किनाऱ्यावरील दिब्बा येथे नेले. दिब्बा हे नाव एक असले तरी गावे तीन आहेत : दिब्बा अल फुजैरा हे फुजैरा अमिरातीत, दिब्बा अल हिस्न हे शारजा अमिरातीत, आणि त्यांना खेटून असलेले दिब्बा अल बाया हे ओमान देशात. आम्ही अल हिस्न येथे एका भाड्याच्या खोलीत मुक्काम केला. तेथून ओमानची हद्द चालत जाण्याच्या अंतरावर आहे, पण ती आम्ही ओलांडली नाही. दोघांच्याही पासपोर्टवर ओमानचा शिक्का नाही आणि आमच्याकडे ओमानचा व्हिसाही नव्हता. पासपोर्टच्या संबंधित पानांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत.

मात्र मोबाइलचे टॉवर सीमेच्या खांबापाशी थांबत नाहीत. ओमानच्या बाजूच्या टॉवरची रेंज त्या खोलीपर्यंत अधिक चांगली येत असणार, आणि स्वयंचलित निवडीवर असलेला टॅबलेट तिकडे वळला. आमच्याकडे पावसाळ्यात रेंजसाठी छत्री घेऊन सड्यावर चढावे लागते. येथे परक्या देशाची रेंज न बोलावता उशाशी येऊन बसली. खोलीतील वायफाय रात्री बंद पडले आणि टॅबलेटने त्या दिवशी काढलेले फोटो मोबाइल डेटावरून आपोआप साठवणीला पाठवण्यास सुरुवात केली. फोटोंची ही आपोआप साठवण मी प्रवासापूर्वी बंद करायला हवी होती, हे मला मान्य आहे. परंतु माझ्या समजुतीप्रमाणे तो डेटा मी पैसे भरून घेतलेल्या ५ जीबीतून जाणार होता, आणि त्यातील ३ जीबीहून अधिक डेटा प्रवास संपला तेव्हा वापराविना शिल्लक होता.

बिलानुसार ओमानच्या नेटवर्कवर ११८ एमबी वापर झाला. दर एमबीला ५०० रुपये याप्रमाणे ५९,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे १०,६२० रुपये, असे एकूण ६९,६२० रुपये आकारले आहेत. हा वापर म्हणजे दिब्बाच्या बंदरातील मच्छीमार होड्यांचे चाळीसेक फोटो, जे मला गावी परतल्यावर आमच्या खारवी मंडळींना दाखवायचे होते. या हिशेबाने करांशिवायही एक फोटो दीड हजार रुपयांच्या घरात जातो.

आपण मागणीवरून पाठवलेला तपशीलवार वापर मी ओळ न् ओळ वाचला आहे, आणि माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा त्यातच आहे. त्यात ९ फेब्रुवारीला पहाटे १.१२ वाजता ओमानचे नेटवर्क, १.३४ वाजता अमिरातीचे आणि १.५१ वाजता पुन्हा ओमानचे नेटवर्क नोंदले आहे. तपशिलातील वेळ भारतीय धरली, तर तेथील घड्याळ दीड तास मागे असल्याने रात्री बाराच्या सुमाराची ही गोष्ट झाली. तेथील धरली, तर पहाटेची. काहीही धरले तरी सीमेवरील तपासणी पार करून दुसऱ्या देशात जाणे, परत येणे आणि पुन्हा जाणे एवढ्या मिनिटांत कोणत्याही माणसाला जमणारे नाही. टॅबलेट जागचा हलला नव्हता, फक्त त्याने पकडलेला टॉवर बदलत होता. ही नोंद आपल्याच यंत्रणेची आहे, आणि बिल तयार करताना ती कुणी पाहिली असती तर हे पत्र लिहिण्याची वेळ आली नसती.

याबाबत मी प्रथम ग्राहक सेवेशी व नंतर १० मार्चला चिपळूणच्या दालनाशी संपर्क साधला. दोन्ही ठिकाणी एकच उत्तर मिळाले : पॅकमध्ये नसलेल्या देशाचे नेटवर्क जोडले गेल्याची आणि वाढत्या आकारणीची सूचना देणारे चार एसएमएस त्या रात्री पाठवले होते, तरीही ग्राहकाने वापर थांबवला नाही. हे एसएमएस टॅबलेटच्या सिमच्या क्रमांकावर पाठवले गेले. माझ्या टॅबलेटमध्ये सिम केवळ डेटासाठी चालते; त्यावरून फोन करता येत नाही आणि आलेला एसएमएस उघडून वाचण्याची सोयच त्यात नाही. म्हणजे ही सूचना अशा जागी पोचवली गेली, जेथे ती वाचणारा कुणी असूच शकत नव्हता.

आपल्याला हे ठाऊक नव्हते असेही म्हणता येणार नाही. सिम घेताना आपल्याच कर्मचाऱ्याने अर्जावर पर्यायी संपर्क म्हणून माझ्या फोनचा क्रमांक लिहून घेतला, आणि त्याचे कारण ‘टॅबवर ओटीपी दिसत नाही, काका’ असे सांगितले. १ फेब्रुवारीला पॅक घेताना ओटीपी आला तोही फोनवरच, आणि पैसे मिळाल्याचा संदेशही फोनवरच. तो फोन संपूर्ण प्रवासात माझ्याजवळ सुरू होता. ९ फेब्रुवारीला सकाळी त्यावर माझ्या बँकेचा एसएमएस आलेला आहे. पैसे घेण्याच्या वेळी आपल्या यंत्रणेला जो क्रमांक सापडतो, तो सावध करण्याच्या वेळी का सापडत नाही, याचा खुलासा मला लेखी हवा आहे. चारपैकी एक जरी संदेश फोनवर आला असता, तरी मुलाने टॅबलेटचे नेटवर्क हाताने बदलून दिले असते. ते अर्ध्या मिनिटाचे काम आहे.

आणखी एक बाब आहे. माझ्या खात्याची पतमर्यादा प्रत्येक बिलावर ४,००० रुपये अशी छापलेली असते. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, पोस्टपेड ग्राहकाला पतमर्यादा कळवावी आणि वापर तिच्या जवळ पोचल्यावर त्याला सावध करावे, असा निर्देश २००५ सालीच दिलेला आहे. येथे एका रात्रीत आकारणी मर्यादेच्या सतरा पटींहून पुढे गेली आणि डेटा सुरूच राहिला. दोन वर्षांपूर्वी बँकेच्या गोंधळामुळे माझे बिल पाच दिवस उशिरा भरले गेले, तेव्हा मात्र आपण जाणारे फोन तत्परतेने बंद केले होते.

म्हणून माझी मागणी अशी आहे की ओमान रोमिंगची ६९,६२० रुपयांची आकारणी करासह पूर्णपणे रद्द करावी. दालनात तोंडी सुचवलेली निम्मी सूट मला मान्य नाही, कारण ती घेणे म्हणजे मी ओमानला गेलो होतो हे कबूल करणे होय. पॅकची रक्कम आणि नेहमीचे मासिक शुल्क याविषयी माझी तक्रार नाही, ती रक्कम मी भरली आहे. तक्रारीचा निकाल लागेपर्यंत माझा फोन आणि टॅबलेटचे सिम यांपैकी कोणतीही सेवा खंडित करू नये, विलंब शुल्क लावू नये आणि वसुलीसाठी फोन करू नयेत. तसेच डेटा सिमच्या सर्व सूचना यापुढे नोंदवलेल्या पर्यायी क्रमांकावर पाठवल्या जातील, याची लेखी हमी द्यावी.

ट्रायच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार आपल्या उत्तराने समाधान न झाल्यास आपल्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत द्यावा लागतो, याची मला माहिती आहे. त्यापुढे रत्नागिरी येथील जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही मोकळा आहे. दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक आयोगासमोर चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. तेथपर्यंत जाण्याची माझी हौस नाही, कारण पुढच्या महिन्यापासून आमचा हंगाम सुरू होतो आणि रत्नागिरीच्या खेपा मला परवडणाऱ्या नाहीत. परंतु आवश्यकता पडल्यास मी जाईन.

बिलाची व तपशीलवार वापराची प्रत, पासपोर्टची पाने, अल हिस्न येथील मुक्कामाची पावती, पॅक घेतल्याचा संदेश आणि ग्राहक सेवेने दिलेल्या तक्रार क्रमांकाची नोंद सोबत जोडली आहे. उत्तर कृपया लेखी, आणि माझ्या फोनच्या क्रमांकावर किंवा टपालाने पाठवावे. टॅबलेटच्या क्रमांकावर पाठवू नये.

आपला ग्राहक,
(सही)
होमस्टेचालक, गुहागर