रक्त 'पातळ' होत नाही

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

हृदयविकारावरच्या लेखांत कोलेस्टेरॉलवर रकाने भरतात. रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांच्या वाट्याला एखादे वाक्य येते. मी ३१ वर्षे रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काढली, म्हणून हे लिहिते आहे.

'प्रोथ्रॉम्बिन टाइम', म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजणारी चाचणी, आम्ही हाताने करायचो. ३७ अंशांवर ठेवलेल्या पिवळसर प्लाझ्मात (पेशी वेगळ्या केल्यावर उरलेल्या रक्तद्रवात) टिश्यू फॅक्टर, म्हणजे गोठण्याची सुरुवात करून देणारे प्रथिन, आणि कॅल्शियमचा द्राव घालायचा, स्टॉपवॉच दाबायचे आणि नळी तिरकी करत बघत राहायचे. साधारण १२ सेकंदांत थ्रॉम्बिन हे विकर तयार होते, त्यामुळे विरघळलेल्या फायब्रिनोजेन या प्रथिनाचे धागे बनतात आणि वाहता प्लाझ्मा जेलीसारखा थबकतो. हाच टिश्यू फॅक्टर हृदयाच्या धमनीतल्या चरबीच्या थरात दडलेला असतो. थर फाटून रक्त त्याला भिडले की माझ्या नळीत घडायचे तेच तिथे घडते. थर साचायला वर्षे लागतात, गुठळीला मिनिटे पुरतात. गुठळी हे झटक्याचे कारण की परिणाम, यावर पूर्वी वाद होता. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झटक्यानंतर पहिल्या चार तासांत तपासलेल्या १२६ रुग्णांपैकी ११० जणांची धमनी पूर्ण बंद आढळली आणि गुठळी हेच कारण, याला बळ मिळाले.

माझ्या धाकट्या भावाला हृदयाच्या धमनीत स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवल्यावर 'रक्त पातळ करणाऱ्या' दोन गोळ्या होत्या. दाढी करताना कापले की रक्त लवकर थांबेना, दंडावर निळे डाग पडू लागले. "ताई, रक्त पाण्यासारखं पातळ करून अंगात ताकद कशी राहील?" असे तो एकदा म्हणाला होता. मी घाईत होते, नुसते "गोळ्या चुकवू नकोस" म्हटले. त्याने कोणाला न विचारता त्या बंद केल्या आणि अकराव्या दिवशी स्टेंटमध्येच गुठळी झाली. तो वाचला, पण मेलेला स्नायू परत येत नाही. इकोमध्ये हृदयाची पंपिंगची ताकद आता ३५ टक्के आहे. निरोगी माणसात ती ५५च्या आसपास किंवा वर असते.

त्याला फसवले ते 'पातळ' या शब्दाने. या गोळ्यांनी रक्त पाणचट होत नाही. काही गोळ्या प्लेटलेटना, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या रक्तातल्या सूक्ष्म कणिकांना, एकमेकींना चिकटू देत नाहीत (त्यांना बांधणारी दोरीही फायब्रिनोजेनचीच), तर काही गोठवणाऱ्या प्रथिनांना आवर घालतात. रक्तस्राव वाढण्याचा धोका खराच आहे, म्हणूनच गोळी बदलायची की थांबवायची हे डॉक्टरांनी ठरवायचे. दात काढायचा असला तरीही.

आपल्या आरोग्य पुरवणीत यापुढे 'रक्त पातळ करणारी' ऐवजी 'गुठळी रोखणारी गोळी' असे छापावे, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ