दुकानातला दुभाषी

शहापूर, बेळगाव
रविवार

प्रिय दोस्ता,

परवा खानापुरात तुझ्या खताच्या दुकानात तासभर बसलो, तेव्हापासून ती जांबोटीकडची म्हातारी डोळ्यांपुढून हलत नाही. हातात तहसीलची कन्नड नोटीस, चेहरा पांढराफटक. तू पावती फाडता फाडता नोटीस वाचलीस आणि म्हणालास, "मावशी, तुमच्यावर कुणी तक्रार केलेली नाही. जमीन तुमच्या नावावर चढवायला कुणाची हरकत असेल तर कळवा, एवढंच लिहिलंय." कागदावर शब्द होता 'तकरारु'. मी 'तक्रार' असंच सांगून मोकळा झालो असतो, आणि म्हातारीला रात्रभर झोप लागली नसती.

आणि वर तूच म्हणतोस, "माझ्यात काय आहे? बारावी नापास, खतं विकुलालोय."

आपल्याकडं दोन भाषा येणं हा गुण आहे असं कुणाला वाटतच नाही. बाजारात कन्नड, घरात मराठी, त्यात काय? पण बोलता येणं वेगळं नि ओलांडता येणं वेगळं. कन्नड माणूस 'अनुमान ऐती' म्हणाला की त्याला संशय आलाय, हे तुला विचार न करता कळतं. शब्द सारखे दिसतात तिथंच पाय घसरतो, आणि तुझा घसरत नाही.

धारवाडचे द. रा. बेंद्रे घरचे मराठी, कविता कन्नडमध्ये. 1973 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं. ते राहू देत, फार मोठं नाव. उमा कुलकर्णींचं बघ. बेळगावातच जन्मलेल्या. भैरप्पांच्या कन्नड कादंबऱ्या मराठीत आणल्या त्या कानावर विसंबून: पती विरूपाक्ष कन्नड वाचून दाखवायचे, त्या ऐकून मराठी लिहायच्या. तुला तर लिपीही येते.

आता एक कबुली. नववीत तू निबंधात आपल्या बेळगावी बोलीत 'मी बाजाराला जाऊलालो होतो' लिहिलंस आणि मी वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले. त्यानंतर तू पावतीपलीकडं काही लिहिल्याचं मला आठवत नाही. तू विसरलाही असशील. मी मराठीचा मास्तर झालो, दरवर्षी निबंध तपासतो, आणि असं वाक्य आलं की लाल पेन अडखळतं.

म्हणून सुचवतो. पंजे मंगेशरावांच्या मुलांसाठीच्या कन्नड गोष्टी घे. ते 1937 साली गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतात, तेव्हा कुणाची परवानगी मागत बसायला नको. एकच गोष्ट घे, लहानशी. आधी दुकानात गिऱ्हाइकाला सांगतोस तशी मराठीत तोंडी सांग, मग लिही. 'जाऊलालो' आलं तर येऊ दे. कुठं ठेवायचं आणि कुठं काढायचं ते दोघं मिळून बघू. माझं मराठी व्याकरणाचं, तुझं चालतंबोलतं. गोष्टीला तुझंच लागेल.

पुढच्या रविवारी दुकान बंद असतं ना? दुपारच्या गाडीनं येतो. दोनशे पानी वही घेतली आहे, तुझ्या मुलीसाठी कुंदाही आणतो. गोष्ट तू वाचायची, मी गप्प बसून ऐकणार.

तुझा,
नववीतला शेजारी