मॅडम, बँडच्या मागे बघायला शिकवलंत

आदरणीय मॅडम,
सविनय नमस्कार.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या आम्हा संशोधक विद्यार्थ्यांचं हे पत्र. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांमुळे प्रबंधातल्या मजकुराच्या साम्याची १० टक्क्यांची मर्यादा इथे सगळ्यांना पाठ आहे. पण साम्य तपासणारं ते सॉफ्टवेअर शब्द जुळवतं. एकच ब्लॉट, म्हणजे नमुन्यातली प्रथिनं गडद पट्ट्यांच्या (बँडच्या) रूपात दाखवणारं चित्र, दोन आकृत्यांत लागला तर त्याला पत्ता लागत नाही. ती नजर तुम्ही दिलीत, तीही मराठीतून, एकेका विद्यार्थ्याशेजारी बसून.

बँडचा आकार सारखा दिसला म्हणून कुणावर शंका घ्यायची नाही, हे तुमचं पहिलं सांगणं. एकाच प्रथिनाचे बँड सारखे दिसणारच. बघायचं ते मागच्या पार्श्वभूमीकडे: धुळीचा ठिपका, ओरखडा, बुडबुड्याचा डाग. दोन वेगळ्या मेम्ब्रेनांवर (ज्या पातळ पडद्यावर ब्लॉट उमटतो त्यांवर) तीच धूळ त्याच जागी बसत नाही. इमेजजे हे चित्रं तपासायचं सॉफ्टवेअर उघडायचं, चित्राला खोटे रंग द्यायचे म्हणजे फिकट पार्श्वभूमी उठून येते. एक चित्र आडवं उलटवायचं, १८० अंशांत फिरवायचं, दुसऱ्यावर नीट बसवायचं आणि दोन्हींतला फरक काढायचा. तो भाग जवळजवळ पूर्ण काळा आला तर चित्र एकच. शोधनिबंधांतली चित्रं तपासणाऱ्या एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २०,६२१ पेपरांच्या तपासणीचा निष्कर्ष मांडला. ती तपासणी मुख्यतः डोळ्यांनीच झाली होती, आणि ३.८ टक्के पेपरांत आकृत्या सदोष निघाल्या. त्यातल्या निदान निम्म्यांत मुद्दाम फेरफार केल्याची लक्षणं होती. उरलेल्यांचं काय, नकळत घोळ कसा होतो, हा प्रश्न तुम्ही सोडला नाहीत, आणि आम्हाला खरा उपयोग तिथेच झाला.

जांबोटीच्या रानातल्या वनस्पतीचा अर्क पेशींवर घालून त्यांच्या थरात पाडलेली चीर, म्हणजे जखम, किती भरते ते बघायचं, असा एक प्रयोग धरा. पाच मात्रा आणि एक कंट्रोल (अर्क न घातलेला), प्रत्येकी तीन वेल (प्लेटमधले खळगे), वेलमागे दोन जागा, शून्य तास आणि चोवीस तास: एकूण ७२ फोटो, सगळे करडे, सगळे एकसारखे. त्यांना ‘फायनल’, ‘फायनल२’, ‘नवीन’ अशी नावं दिली की घोळ तिथेच पक्का होतो. शून्य तासाचा एकच फोटो दोन मात्रांखाली लागतो, किंवा एकाच वेलच्या एकमेकींत शिरणाऱ्या दोन जागा वेगवेगळ्या मात्रा म्हणून छापल्या जातात. तुमचा उपाय साधा: प्लेटच्या खालून मार्करने रेघ, फोटो कायम त्याच क्रमाने, आणि फाइलच्या नावात तारीख, प्लेट, वेल, जागा, तास. मायक्रोस्कोपची मूळ फाइल जशीच्या तशी ठेवायची, कारण एक्स्पोजर आणि लेन्सची नोंद तिच्यातच असते. जेपेग करताना चित्र आठ बाय आठ पिक्सेलच्या ठोकळ्यांत दाबलं जातं आणि नसलेल्या कडा उमटतात. पुढे कुणी शंका काढली, तर त्या कडांवरून प्रामाणिक माणसालाही उत्तर देता येत नाही.

ब्लॉटच्या बाबतीत तुम्ही कडक होतात आणि तेच बरं झालं. तुलनेसाठी घेतलेल्या अ‍ॅक्टिन या प्रथिनाचा ४२ किलोडाल्टन वजनाचा बँड त्याच मेम्ब्रेनवरचा हवा. मागच्या महिन्यातला चांगला दिसतो म्हणून उचलायचा नाही. मेम्ब्रेन न कापलेली, प्रथिनांचं वजन दाखवणाऱ्या मार्करच्या पट्ट्यांसकट जपायची. मधली लेन (एका नमुन्याची उभी रांग) काढली तर जोडावर रेघ दाखवायची. ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट बदलला तर पूर्ण चित्राला सारखा, आणि पार्श्वभूमी पांढरीफटक होईपर्यंत ताणायचा नाही. सोळा बिटच्या चित्रात बँड ६५,५३५ या कमाल आकड्याला टेकला असेल तर त्याची मोजणी निरर्थक. कमी एक्स्पोजरचं चित्र पुन्हा घ्यायचं. ‘नेचर’मधला अल्झायमरवरचा २००६ चा गाजलेला पेपर २०२४ मध्ये मागे घेतला गेला. त्यातल्या चित्रांत जोडकाम, तेच बँड पुन्हा वापरणं, इरेजरने पुसणं यांच्या खुणा होत्या. अठरा वर्षं लोक त्याच्यावर पुढचं काम रचत राहिले.

मॅडम, सगळ्यात मोठे आभार एका गोष्टीचे. चूक सापडली की लपवायची आणि पेपर मागे घेतला की नाव बुडालं, ही भीती इथे फार आहे. गाईडपुढे तोंड उघडायला मुलं घाबरतात. तुम्ही त्यांच्यासोबत बसून संपादकांना पत्र लिहायला शिकवलंत: कुठली आकृती, कुठला भाग, काय झालं, मूळ फाइल सोबत, निष्कर्ष टिकतो की नाही. टिकत असेल तर दुरुस्ती छापून येते. टिकत नसेल तर पेपर मागे घ्या असं लेखकाने स्वतः म्हणावं, आणि कारण स्पष्ट लिहावं. ‘प्रामाणिक चूक’ हे दोन शब्द त्या सूचनेत असणं आणि नसणं यात फार अंतर आहे.

संदर्भयादी झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ठेवायची सवयही तुमचीच. मागे घेतलेला पेपर यादीत असला की ते खूण दाखवतं. प्रबंध छापायला देण्याच्या आदल्या दिवशी ती यादी एकदा उघडून बघायची, हे आता आमच्या तपासणीच्या कागदावर लिहिलेलं आहे. त्याखालचा रकाना न कापलेल्या मेम्ब्रेनांच्या फोल्डरचा आहे. तिथे विद्यार्थ्याची सही लागते आणि गाईडचीही.

आपले कृतज्ञ,
बेळगाव, खानापूर व निपाणी भागातील संशोधक विद्यार्थी