गेवराईच्या पुढचा बंद चार्जर: परिवहन मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. परिवहन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

माननीय मंत्रिमहोदय,
सप्रेम नमस्कार.

मी अंबाजोगाईचा. स्वतःची गाडी स्वतःच चालवतो आणि भाडी मारतो. दोन वर्षांपूर्वी कर्ज काढून इलेक्ट्रिक गाडी घेतली. माझी भाडी बहुतेक दवाखान्याची असतात. लातूर, सोलापूर आणि सगळ्यात जास्त छत्रपती संभाजीनगर. गाडीवर माझा राग नाही. डिझेलच्या गाडीत जेवढं उरायचं त्यापेक्षा जास्त उरतं, म्हणून हप्ता वेळेवर जातो. तक्रार रस्त्यावरच्या चार्जिंगची आहे आणि ती आपल्यापर्यंत पोचावी म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहितो आहे.

गेल्या मे महिन्यात आमच्या गल्लीतल्या एका मावशींना आणि त्यांच्या मालकांना घेऊन संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात गेलो होतो. जायचे दोनशे-सव्वादोनशे किलोमीटर, यायचे तेवढेच. मावशींचं काम उरकता उरकता संध्याकाळ झाली. शहरातल्या चार्जरवर रांग होती. मावशी मागच्या सीटवर आडव्या झालेल्या, त्यांना घर गाठायची घाई. म्हणून बॅटरी साठ टक्के भरल्यावरच चार्जिंगची गन काढली आणि निघालो. चार्जर दाखवणाऱ्या ॲपवर वाटेतल्या गेवराईच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशा दोन हिरव्या, म्हणजे चार्जर चालू असल्याच्या खुणा होत्या, त्यांच्या भरवशावर.

पहिल्या ठिकाणी स्क्रीन काळी. फोन लावला, कोणी उचलला नाही. दुसऱ्या ठिकाणी पोचलो तेव्हा गाडीत नऊ टक्के उरले होते. एसी कधीच बंद केला होता. मावशींचे मालक ओलं उपरणं त्यांच्या कपाळावर ठेवत होते. चार्जर एका ढाब्याच्या आवारात होता. ढाबेवाला म्हणाला, "भाऊ, त्याची डीपी सांजच्यालाच उडालीय. लाइनमन उद्या येतो म्हणलाय." ढाब्याची लाइन दुसऱ्या डीपीवर, म्हणजे दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरवर होती. त्या माणसाने कूलरची पिन काढून मला पंधरा अँपियरचा सॉकेट दिला, मावशींना बाज टाकून दिली, ज्वारीची भाकरी आणि दही दिलं, आणि विजेचे पैसे घ्यायला तयार होईना. साध्या सॉकेटवर तासाला तीन युनिट भरतात. साडेतीन तास थांबलो, बीड गाठलं, तिथे पुन्हा पाऊण तास. घरी पोचायला पहाटेचे चार वाजले. केमोथेरपी घेतलेल्या बाईला घेऊन.

ॲपवर ती खूण त्या रात्रभर हिरवीच होती.

मंत्रिमहोदय, धोरण मी वाचलेलं आहे. २९ एप्रिल २०२५ रोजी मंत्रिमंडळाने इलेक्ट्रिक वाहन धोरण मंजूर केलं. ते ३१ मार्च २०३० पर्यंत चालणार आहे, त्यासाठी १,९९३ कोटींची तरतूद आहे आणि राष्ट्रीय महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं त्यात लिहिलं आहे. समृद्धी महामार्गावर आमच्यासारख्या गाड्यांना टोल माफ झाला, त्याबद्दल मनापासून आभार. केंद्राच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेतही चार्जिंगसाठी २,००० कोटी ठेवले आहेत. म्हणजे पैसा नाही असं कोणी म्हणू शकत नाही. बीड ते संभाजीनगर सव्वाशे किलोमीटर. धोरणाच्या हिशोबाने पाच ठिकाणं. उद्या ती पाचही उभी राहिली, फीत कापून झाली, तरी माझी मेमधली ती रात्र बदलणार नाही. कारण त्या रात्री चार्जर होते. चालू नव्हते.

ते का बंद पडतात, हे या रस्त्यावर राहणाऱ्याला ठाऊक आहे. पाच एचपीची मोटर पावणेचार किलोवॅट घेते. साठ किलोवॅटचा एक फास्ट चार्जर म्हणजे अशा सोळा मोटरी एकदम सुरू केल्यासारखं. आपल्या शिवारातली डीपी बहुधा त्रेसष्ट केव्हीएची असते. एक चार्जर ती अख्खी डीपी खाऊन टाकतो. त्याच लाइनवर रात्री शेतीच्या मोटरी सुरू झाल्या की व्होल्टेज पडतं आणि चार्जर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतो. पुन्हा सुरू करायला तिथे माणूस नसतो. म्हणून माझी मुख्य मागणी हीच आहे, की महामार्गावरच्या प्रत्येक फास्ट चार्जरला त्याची स्वतःची डीपी द्या आणि जिथे जमेल तिथे शेतीला वीज नेणाऱ्या फीडरपासून वेगळी लाइन द्या. हे ऊर्जा खात्याचं काम आहे असं मला सांगितलं जाईल. असेलही. पण गाडी रस्त्यावर आणायला सांगणारं खातं आपलं आहे, तेव्हा ऊर्जा खात्याला बरोबर घेऊन बसायचं कामही आपलंच आहे.

छतावर सोलर टाका म्हणजे प्रश्न मिटला, असं अनेक जण सांगतात. आमच्याकडे ऊन भरपूर आहे, परभणीला मेमध्ये पारा ४४-४५ पर्यंत चढतो. पण एक किलोवॅटचं पॅनेल दिवसाला साधारण चार युनिट देतं. माझ्यासारख्या एका गाडीला दहा टक्क्यांवरून ऐंशीपर्यंत न्यायला अठ्ठावीस युनिट लागतात, म्हणजे दिवसाला एकाच गाडीसाठी सात किलोवॅटचं पॅनेल. फास्ट चार्जर नुसत्या छतावर चालत नाही. सावलीसाठी मात्र छत हवंच. भर उन्हात तापलेली बॅटरी वीज हळू घेते, पाऊण तासाचं काम सव्वा तासावर जातं आणि मागची रांग वाढते. आज बरेच चार्जर उघड्या फरशीवर उभे आहेत.

दुसरं म्हणजे अनुदान. चार्जर बसवला की पैसे, अशी पद्धत असेल तर बसवणाऱ्याचं काम त्या दिवशीच संपतं. पैसे हप्त्याहप्त्याने द्या आणि प्रत्येक हप्ता चार्जर महिन्यात किती तास चालू होता त्यावर ठरवा. हे तास मोजायला कोणाला पाठवावं लागत नाही, यंत्र स्वतःच नोंद ठेवतं. ती नोंद जिल्हावार लोकांसमोर ठेवा. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत मागच्या महिन्यात कोणता चार्जर किती दिवस बंद होता, हे मला घरातून निघण्यापूर्वी दिसलं पाहिजे. जिथे एकच गन आहे तिथे दुसरी बसवा. आणि शेजारी एक साधा पंधरा अँपियरचा सॉकेट ठेवा. त्या ढाबेवाल्याने जे केलं ते सरकारी खर्चाने करायला फार पैसे लागत नाहीत.

पैसे देण्याचंही तसंच. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, प्रत्येकात आगाऊ पैसे भरायचे. रेंज नसली की ओटीपी येत नाही आणि गन लागलेली असूनही चार्जिंग सुरू होत नाही. टपरीवरच्या चहाला यूपीआय चालतं, ते इथेही चाललं पाहिजे. गाडी घेताना ५ टक्के जीएसटी आणि रस्त्यावर चार्जिंग करताना १८ टक्के, हे आपल्या हातात नाही हे मला कळतं. पण जीएसटी परिषदेत महाराष्ट्राचाही आवाज आहे.

जागेचं म्हणाल तर आपल्याच खात्याकडे एसटी आहे. तालुक्या-तालुक्याला स्टँड आहे, रात्री दिवा असतो, पाणी असतं, चौकीदार असतो, बायामाणसांना बसायला जागा असते. एसटीच्या ई-बस येत आहेत, त्यांच्यासाठी आगारात मोठी लाइन ओढावीच लागणार. तीच लाइन ओढताना बाहेरच्या बाजूला दोन गन लोकांसाठी ठेवल्या, तर केज, गेवराई, माजलगाव, अहमदपूर, जिंतूर अशा गावांचा प्रश्न बराचसा सुटेल. माझ्या ओळखीच्या एक शिक्षिका स्वतः गाडी चालवत नांदेडला जातात. सुनसान पंपामागच्या चार्जरवर रात्री एकटीने तासभर थांबायची त्यांची हिंमत होत नाही, म्हणून त्या दिवसाउजेडीच परततात. त्यांना स्टँडवर भीती वाटणार नाही.

जालना-नांदेड द्रुतगती मार्ग होऊ घातला आहे. त्याच्या आराखड्यातच चार्जिंगची जागा आणि उपकेंद्र धरा. रस्ता झाल्यावर पुन्हा खोदकाम करून केबल टाकणं महाग पडतं. द्रुतगती मार्गावर बंद चार्जर जास्त अवघड, कारण पुढचं इंटरचेंज येईपर्यंत उतरता येत नाही, आणि १२०च्या वेगाने पळवली की बॅटरी झपाट्याने उतरते.

संभाजीनगरजवळच्या बिडकीनमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांचे कारखाने येत आहेत. टोयोटा किर्लोस्करने ३१ जुलै २०२४ रोजी राज्य सरकारशी करार केला, इलेक्ट्रिक स्कूटर बनवणाऱ्या एथरनेही तीच जागा निवडली. आमच्या पोरांना तिथे काम मिळेल, याचा मला खरंच आनंद आहे. त्या पोरांनी बनवलेली गाडी बिडकीनहून निघून रात्री अंबाजोगाईला न थांबता पोचली पाहिजे.

मावशींना पुढच्या सोमवारी पुन्हा तपासणीला न्यायचं आहे. त्यांच्या मालकांनी मला हात जोडून विचारलं, "या बारीला दुसरी गाडी बघता का?" मी मित्राची डिझेलची गाडी दिवसाच्या भाड्याने सांगून ठेवली आहे. माझी गाडी त्या दिवशी दारात उभी राहील.

आपला,
एक चालक-मालक
अंबाजोगाई, जि. बीड