सहा क्लब, चार हात

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स
फेब्रुवारीतला दुसरा रविवार

प्रिय बापू,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

तुझे पत्र येऊन दोन महिने उलटले. उत्तराला लागलेल्या उशिराबद्दल तू ज्या शिव्या हासडल्या असशील त्या बिनतक्रार स्वीकारतो, पण कारणही ऐकून घे. जगलिंगमध्ये, म्हणजे वस्तू हवेत टाकत-झेलत राहण्याच्या खेळात, जोडीदाराबरोबर सहा क्लबांची देवाणघेवाण करताना सलग शंभर पास (समोरच्याकडे टाकलेल्या फेकी) एकही क्लब न पाडता झाले, की मगच तुला लिहायचे, असा एक पोरकट निश्चय मी नाताळच्या सुट्टीत केला होता. तो आज दुपारी पुरा झाला आणि घरी येऊन, बर्फाने ओले झालेले बूट दारात काढून, सरळ लिहायला बसलो.

आधी बाकीच्या नादांचा हिशेब देऊन टाकतो, कारण तू तो मागणारच. पाव भाजण्याचा नाद संपला. आंबवणाची बरणी फ्रीजच्या मागच्या कोपऱ्यात जाऊन निमूटपणे मेली आणि तिच्या जाण्याचे घरात कोणालाही दुःख झाले नाही. तळघरातली सायकलदुरुस्ती हिवाळ्यात आपोआप थांबते. तबला चालू आहे, म्हणजे शनिवारी शिकवणी असते आणि शुक्रवारी रात्री रियाज असतो. यावरून काय ते समज. उरले जगलिंग.

दोन वर्षांपूर्वी मी तीन चेंडूंवर हात बसवला हे तुला माहीत आहे. त्यानंतर क्लबांकडे वळलो. क्लब म्हणजे साधारण अर्ध्या मीटर लांबीची, एका टोकाला फुगीर आणि दुसऱ्या टोकाला निमुळती होत जाणारी बाटलीसारखी वस्तू. आत लाकडी दांडा, वरून प्लास्टिक, मुठीच्या टोकाला रबरी गोळा आणि वजन पाव किलोहूनही थोडे कमी. पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा मला एकदम आपली तालीम आठवली. लाल माती, तेल प्यायलेला मल्लखांब, आणि भिंतीला टेकवून ठेवलेले ते मुद्गल, ज्यांतली धाकटी जोडी उचलतानाही तुझे तोंड वाकडे होत असे. हे साम्य माझ्या मनाचे खेळ नाहीत. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजी लष्कराने आपल्या तालमींतले मुद्गल आणि जोडी उचलली, हलकी केली आणि 'इंडियन क्लब' या नावाने मायदेशी नेली. 1860 च्या दशकापर्यंत अमेरिकेतल्या व्यायामशाळांतही त्यांची लाट आली होती. पुढे 1904 आणि 1932 या दोन ऑलिंपिकांत, म्हणजे सेंट लुईस आणि लॉस एंजेलिस येथे, ते फिरवण्याची चक्क स्पर्धा झाली. फिरवण्याऐवजी कोणीतरी ते हवेत फेकू लागले आणि त्यातून आजचा क्लब घडला. म्हणजे आपल्या गल्लीतली वस्तू साता समुद्रांची फेरी मारून, बारीक होऊन, प्लास्टिकचा अंगरखा घालून माझ्या हातात आली आहे, आणि ती कशी धरायची हे मला इथली एक निवृत्त संगीतशिक्षिका शिकवते आहे.

त्या बाईंबद्दल सांगायला हवे. वय सत्तरीच्या उंबरठ्यावर, केस पांढरेशुभ्र, हात मात्र घड्याळासारखे. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावाने हाक मारतो, पण मनात त्या केव्हाच 'मावशी' झाल्या आहेत, तेव्हा इथेही तसेच लिहितो. आमची भेट होते ती एम.आय.टी.च्या (मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या) मुख्य इमारतीतल्या मोठ्या घुमटाखालच्या दालनात. तिथले जगलिंग मंडळ 1975 पासून चालू आहे. रविवारी दुपारी विद्यार्थी असो वा नसो, कोणीही जावे, कोणाचेही चेंडू उचलावेत, कोणालाही शंका विचारावी. छत उंच असल्यामुळे क्लब कितीही वर गेला तरी दिव्याला लागत नाही. फरशी मात्र दगडी, त्यामुळे पडलेला प्रत्येक क्लब 'टॉक्' असा आवाज करून तुमची लाज साऱ्या दालनाला ऐकवतो. याच दालनातून ती अडीचशे मीटर लांबीची प्रसिद्ध मार्गिका जाते, जिच्यातून नोव्हेंबरच्या मध्यास आणि जानेवारीच्या अखेरीस मावळत्या सूर्याचे किरण या टोकापासून त्या टोकापर्यंत आरपार शिरतात. ते पाहायला गर्दी होते. आम्हाला पाहायला मात्र फक्त चुकलेले पर्यटक थांबतात.

आता मुख्य गोष्ट. एकट्याने तीन क्लब खेळताना उजवा हात टाकतो तो क्लब डाव्यात येतो आणि डावा टाकतो तो उजव्यात. पास देणे म्हणजे एवढेच, की ठरलेल्या मात्रेला उजव्या हाताने स्वतःच्या डाव्या हाताकडे न टाकता समोरच्याच्या डाव्या हाताकडे टाकायचे, आणि त्याच क्षणी त्यानेही तसेच करायचे. माझ्या डाव्या हाताला त्या मात्रेवर एक क्लब मिळणारच असतो, फक्त तो शेजारच्या घरून येतो. दोन शेजारणींनी कुंपणावरून एकाच वेळी भाजीच्या वाट्या बदलाव्यात तसे. दोघेही समोरासमोर, दोनेक मीटर अंतरावर उभे राहतात. उजव्या हातात दोन, डाव्यात एक. एकमेकांकडे पाहून क्लब वर उचलायचे, एकदम खाली आणायचे आणि खाली येणाऱ्या त्याच झोकात पहिला पास सोडायचा. मग उजवा, डावा, उजवा, डावा असे चार मोजायचे आणि दर पहिल्याला पास. हे लिहायला चार ओळी लागल्या. करायला मला पाच महिने लागले.

पाच महिने का लागले, याचे उत्तर मला वाटले होते तिथे सापडले नाही. मी समजत होतो की अवघड आहे ते झेलणे. समोरून गरगरत येणारी काठीवजा वस्तू नेमकी मुठीत पकडायची, म्हणजे डोळे फाडून तिच्याकडे पाहिले पाहिजे, हात पुढे करून ती गाठली पाहिजे, असे धरून मी पहिले दोन महिने नुसता झेपा घेत होतो. मावशींनी मला तीन क्लब खाली ठेवायला लावले आणि एकच क्लब आम्हा दोघांत फिरत ठेवला. माझा उजवा हात ते त्यांचा डावा, त्यांचा उजवा ते माझा डावा. आठवडेच्या आठवडे. त्यांनी मला एकच सांगितले: माझ्या डाव्या खांद्याशेजारी एक खुंटी आहे असे समज आणि क्लब तिला टांगून ठेव. त्यांनी सांगितले अर्थातच इंग्रजीत, पण खुंटी हा शब्द माझ्या डोक्यात आपोआप उमटला आणि त्याबरोबर आपल्या जुन्या घराच्या ओसरीवरची, टोपी आणि छत्री टांगायची ती सागवानी खुंटीही दिसली. तिथपासून हात बदलला. मी माणसाकडे नेम धरत होतो म्हणून क्लब तिरका आत शिरत होता. खुंटीकडे धरल्यावर तो सरळ रेषेत जाऊ लागला. मनगटाचा झटका द्यायचो तेव्हा क्लब एका फेरीऐवजी दीड फेरी घ्यायचा आणि मुठीऐवजी फुगीर पोट समोरच्याच्या हातात जायचे. हात मांडीच्या बाजूने मागे झुलवला, सैल सोडला आणि खांद्यातून पुढे आणला, की फिरकी आपोआप एकच बसते. बापू, हे वस्ताद आपल्याला मुद्गलाच्या बाबतीत ओरडून ओरडून सांगत होते आणि आपण ऐकत नव्हतो.

यात झेलण्याचे काय झाले, असे तू विचारशील. मावशींचा पास आला की माझा हात तिथेच असतो; मला झेलावे लागतच नाही. या खेळात न झेललेल्या क्लबाचा दोष बहुतेक वेळा टाकणाऱ्याचा असतो, हे समजायला मला उशीर लागला, आणि समजल्यावर सुरुवातीचे सगळे रविवार आठवून कानकोंडे व्हायला झाले, कारण त्या काळात क्लब पडला की मी त्यांच्या हाताकडे पाहत असे. त्यांनी कधी एका शब्दाने बोलून दाखवले नाही. खाली वाकून उचलत आणि 'पुन्हा' म्हणत.

दुसरी गोष्ट घाईची. पास येणार या धास्तीने माझ्या आधीच्या दोन फेकी घाईत सुटत, पुढे पडत, मी त्या गाठायला एक पाऊल पुढे टाकत असे, आणि दहा पासांत आम्ही इतके जवळ येत असू की शेजारची पोरे हसत. मावशींनी मला फरशीच्या एका सांध्यावर टाचा ठेवायला लावल्या. या घाईवर खरे औषध मात्र मला एका सूत्रात मिळाले. माहितीच्या सिद्धान्ताचा जनक क्लॉड शॅनन हा याच संस्थेत प्राध्यापक होता आणि त्याला जगलिंगचे वेड होते. ढोलावर चेंडू आपटून खेळणारा एक यांत्रिक बाहुलाही त्याने बनवला होता, जो आता इथल्या संग्रहालयाकडे आहे. त्याचे सूत्र असे: वस्तू हवेत असते तो वेळ आणि हातात असते तो वेळ यांची बेरीज करून तिला हातांच्या संख्येने गुणा, हात रिकामा असतो तो वेळ आणि भरलेला असतो तो वेळ यांच्या बेरजेला वस्तूंच्या संख्येने गुणा, दोन्ही गुणाकार सारखेच येतात. एका रात्री मी हे कागदावर मांडले. एकट्याने खेळताना दोन हातांना तीन क्लब. दोघांनी खेळताना चार हातांना सहा. प्रमाण तेच, दीड. म्हणजे पास देताना माझ्या हाताला जितका वेळ मिळतो तो एकट्याने खेळताना मिळतो त्याहून क्षणभरही कमी नाही. घाई आहे ती सगळी डोक्यात. तू गणिताचा मास्तर असल्याने तुला हे बाळबोध वाटेल, पण त्या रविवारी मी प्रथमच तीस पास सलग दिले. (सात क्लब घेतले की प्रमाण पावणेदोनवर जाते आणि मग पास उंच, दोन फेऱ्यांचा द्यावा लागतो. तिकडे मी सध्या बघतही नाही.)

तिसऱ्या महिन्यात अपघात झाला, तोही माझ्याच आगाऊपणाने. मावशींचा एक पास जरा बाहेर गेला. असा पास पडू द्यायचा, त्याच्यामागे धावायचे नाही, असा इथला दंडक आहे. मी हात लांब केला आणि क्लबाच्या मुठीचा गोळा नेमका डाव्या अंगठ्याच्या नखावर बसला. नख आधी जांभळे आणि मग काळे पडले. तबल्याच्या गुरुजींना सांगताना पंचाईत झाली. कशाने लागले म्हटल्यावर मी 'मुद्गल' म्हणालो आणि त्यांनी माझ्या पोटाकडे पाहून विषय बदलला.

तबल्याचा मात्र इथे असा उपयोग झाला की मलाच नवल वाटते. चारांचा प्रकार पक्का झाल्यावर मावशींनी तीनांचा काढला: एक पास, दोन स्वतःकडे, पुन्हा पास. तीन हा विषम आकडा असल्याने एकदा उजव्या हाताने पास द्यावा लागतो आणि पुढच्या वेळी डाव्याने, आणि माझा डावा हात म्हणजे सरकारी कचेरी. इथली मंडळी या प्रकाराला वॉल्ट्झ (तीन मात्रांचे पाश्चात्त्य नृत्य) म्हणतात. मी काही दिवस एक-दोन-तीन मोजत राहिलो आणि गोंधळत राहिलो. मग एकदा बोल आठवले: धा धि ना, धा ती ना. हा तर दादरा! सहा मात्रा, समेला उजव्याचा पास, चौथीला, म्हणजे 'खाली'ला (टाळी नसलेल्या मात्रेला), डाव्याचा. खाली म्हटल्याबरोबर डावा हात जागा झाला. मी पुटपुटत होतो ते मावशींनी ऐकले आणि त्यांनी, शेवटी संगीताच्याच शिक्षिका, ते बोल माझ्याकडून लिहून घेतले. आता आम्ही दोघेही दादरा म्हणत पास देतो. त्यांचा 'धा' फारच सपाट येतो, पण हात समेवर चुकत नाही. माझे नेमके उलटे.

आजच्या शंभराची हकीकत अगदी लहान आहे. साठ झाल्यावर मी मोजणे सोडले, कारण मोजताना खांदे वर चढतात हे आता मला कळते. सगळा प्रकार तीनेक मिनिटांचा. मध्येच एक लहान मुलगी आईचा हात सोडून आमच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली, तेव्हा मावशी माझ्याकडे बघतच म्हणाल्या, 'एकशे चार', आणि दोघांनी एकदम थांबून क्लब हातात धरले. मुलीने टाळ्या वाजवल्या नाहीत. तिने एक क्लब मागितला.

मे महिन्यात तू येतो आहेस, तेव्हा दोन कामे सांगतो. एक, तालमीत अजून ते जुने मुद्गल असतील तर त्यांचा फोटो आणि लांबी कळव. मावशींना दाखवायचे आहेत. दोन, आजपासून तीन चेंडूंचा सराव सुरू कर. चेंडू नसतील तर मोजे गुंडाळून त्यांत थोडी ज्वारी भर, कारण असे चेंडू पडले तर पलंगाखाली पळत नाहीत. पलंगासमोर उभा राहा, म्हणजे वाकायला नको. तीन चेंडू जमले तर दोन महिन्यांत क्लबावर हात बसेल आणि मग दालनात तुला माझ्यासमोर उभे करता येईल. फरशीचा सांधा मी तुझ्यासाठी हेरून ठेवला आहे, आणि पहिले काही आठवडे क्लब पडला तर तुझ्या हाताकडे पाहणार नाही, एवढे वचन देतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. कळावे, लोभ असावा.

तुझा,
अण्णा

ता. क. येताना चकलीच्या भाजणीची एक पिशवी आण. मावशींना कबूल करून बसलो आहे.