तो काळ्या पट्ट्याचा पक्षी कोण ते कळलं!

प्रिय सच्या,

मागच्या महिन्यात तुला जास्वंदीवरचा एक फोटो पाठवला होता बघ, पिवळ्या पोटाचा पक्षी, गळ्यापासून खाली मधोमध शाईने ओढल्यासारखा काळा पट्टा, तो कोण ते कळलं रे! आपला नेहमीचा जांभळा सूर्यपक्षीच आहे तो, शिंजीर. विणीचा हंगाम संपला की नराचा तो निळा-जांभळा झगमगाट जातो, अंग मादीसारखं साधं होतं आणि तेवढा पट्टा उरतो. मी दोन आठवडे कुठला नवीन पक्षी म्हणून शोधत होतो, मग सगळे फोटो झूम करून बघताना खांद्यावर निळी चमक दिसली आणि इतका आनंद झाला म्हणून सांगू.

तू पाठवलेल्या फोटोतली मात्र जांभळ्या पाठीच्या सूर्यपक्ष्याची मादी वाटते, कारण तिचा गळा राखाडी-पांढरा असतो आणि पिवळा रंग छातीपासून सुरू होतो. शिंजीराच्या मादीचं गळ्यापासूनच पिवळं.

आणि एक, फोटोसाठी या फुलावरून त्या फुलाकडे धावू नकोस. एकाच फुललेल्या झाडासमोर खुर्ची टाकून बस, ऊन पाठीशी ठेव, सकाळी आठच्या आत, शटर स्पीड १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान, फोकस डोळ्यावर. पक्षी परत येतोच. परवा शिंजीर अगदी सहा फुटांवर आला, जास्वंदीच्या तोंडातून चोच न घालता देठाजवळ पाकळीला बाजूने भोक पाडलं आणि तिथूनच मध प्यायला, परागकण अंगाला लागलेच नाहीत! तो फोटो थोडा हललाय पण मला सगळ्यात आवडतो तोच. कोतवाल काढताना एक्स्पोजर थोडं वाढव, नाहीतर नुसता काळा ठिपका येतो, दयाळच्या वेळी पांढरा भाग जास्त उजळून बारकावे जात नाहीत ना ते बघ. तांबट पानांत शोधू नकोस, टुक-टुक ऐकू आलं की सकाळी झाडाच्या शेंड्यावरची वाळकी फांदी बघायची.

पावसाळ्यात कर्दळीशेजारच्या झुडपात शिंपी पक्ष्याने पान शिवून घरटं केलं होतं, कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याच्या धाग्यांनी. फोटो काढला नाही मी. पान जरा बाजूला केलं असतं तर मस्त आला असता, पण तेच पान कावळ्यापासून पिल्लांना लपवत होतं ना. तूही काढू नकोस, प्लीज.

तुझ्या त्या सूर्यपक्ष्याच्या मादीचे पाठीकडून काढलेले फोटो असतील तर पाठव, ब्लर असले तरी चालतील.

तुझा,
मन्या